२५५, ३४० की ४५०? टर्बो गाडीसाठी फ्युएल पंप निवडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकची एक लिनिया टी-जेट, १.४ लिटरचं इंजिन. मोठा टर्बो बसवलाय, बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) १.२ बार, लक्ष्य क्रँकला, म्हणजे चाकांवर नव्हे तर इंजिनवर, २१० हॉर्सपॉवर. चौथ्या गिअरला फुल थ्रॉटल दिला की ४,५०० आरपीएमच्या पुढे मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. वाइडबँडवर (सायलेन्सरमधल्या धुरावरून मिश्रण मोजणारं मीटर) लॅम्डा, म्हणजे मिश्रणाचा आकडा, ०.८० च्या आसपास राहायला हवा, तो ०.९२ पर्यंत सरकतो. ट्यूनर म्हणतो पंप कमी पडतोय. मित्र म्हणतो वॉलब्रो कंपनीचा ४५०, म्हणजे तासाला ४५० लिटर देणारा पंप, टाक आणि विसरून जा. तर कोणता घ्यावा?

४५० नको. तुमच्या आकड्यांना २५५ च्या वर्गातला पंप पुरून उरतो. पण तोही आज मागवू नका. तुम्ही सांगितलेलं लक्षण पंपाचं असेलच असं नाही, आणि नसेल तर नवा पंप बसवूनही मीटरवर तोच ०.९२ दिसेल.

पंप प्रेशर ठरवत नाही, प्रेशर ठरवतो रेग्युलेटर. पंप फक्त पेट्रोल ढकलतो. रेग्युलेटर त्यातलं हवं तेवढं रेलकडे (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) जाऊ देतो आणि उरलेलं टाकीत परत सोडतो. पंप पुरेसा असेल तर १२० लिटरचा काय नि ४५० लिटरचा काय, रेलवरचा आकडा तोच राहतो. पंप कमी पडायला लागला तरच तो आकडा खाली येतो. म्हणून ‘मोठा पंप टाकला की इंजेक्टरमधून जास्त पेट्रोल पडेल’ हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य चुकीचं आहे.

आता बॉनेट उघडून रेलकडे बघा. रेलला एकच पेट्रोल लाइन येत असेल आणि परतीची लाइन नसेल, तर रेग्युलेटर टाकीतल्या मॉड्यूलवरच (पंप, जाळी आणि फ्लोट यांचा एकत्र संच) आहे. याला रिटर्नलेस म्हणतात. अशा गाड्यांत प्रेशर साधारण ३.५ बारला बांधलेलं असतं आणि टाकीत बसलेल्या रेग्युलेटरला बूस्टचा पत्ताच नसतो. इंजेक्टरला मात्र पेट्रोल टाकायचं असतं बूस्टच्या विरुद्ध. म्हणजे १.२ बार बूस्टवर इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक उरतो ३.५ वजा १.२, म्हणजे २.३ बार. इंजेक्टरचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. २.३ भागिले ३.५, त्याचं वर्गमूळ ०.८१. पंप ठणठणीत असूनही इंजेक्टर बूस्टमध्ये १९ टक्के कमी पेट्रोल देतायत. मूळ टर्बोच्या कमी बूस्टवर कंपनीच्या ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) हा हिशेब धरलेला असतो. बूस्ट वाढवून इंजेक्टर तेच ठेवले की ड्युटी (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा राहतो) ९०-९५ टक्क्यांवर जाते आणि वरच्या आरपीएमला पेट्रोल संपतं. तुमचं लक्षण हुबेहूब असंच दिसतं.

इंजेक्टरचा हिशेबही इथेच करून टाकू. टर्बो पेट्रोल इंजिन फुल लोडवर एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल पितं. २१० एचपीला ५७ किलो. लिटरला पाऊण किलो धरलं तर ७६ लिटर. चार इंजेक्टरांत वाटून मिनिटाला प्रत्येकी ३१७ सीसी. ड्युटी ८५ टक्क्यांच्या वर न्यायची नाही म्हटलं की ३७३ सीसी. हे झालं २.३ बार फरकाला. इंजेक्टरचं रेटिंग मात्र बहुतेक वेळा ३ बारला देतात, म्हणून ते ४२६ होतं, आणि ई२० साठी (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ७ टक्के वाढवले की ४५५. म्हणजे ३ बारला ४५० ते ५५० सीसीचे इंजेक्टर लागतात. लिनियाचे मूळ इंजेक्टर ११४ पीएससाठी दिलेले आहेत, ते इथवर पोचणार नाहीत.

म्हणून आधी मोजा. रेलच्या लाइनमध्ये टी-फिटिंग टाकून ०-१० बारचा इलेक्ट्रिक प्रेशर सेन्सर लावा, ०.५ ते ४.५ व्होल्टवाला, आणि तो लॉगरला जोडा. पेट्रोल भरलेली गेजची नळी केबिनमध्ये आणायची नाही. डॅशबोर्डवर यांत्रिक गेज आणून ठेवणारे आहेत, पण एक क्लिप सुटली तर पेट्रोल थेट चालकाच्या पायांवर. लॉगमध्ये चार गोष्टी एकत्र हव्यात: रेल प्रेशर, बूस्ट, लॅम्डा आणि इंजेक्टर ड्युटी. पंपाच्या प्लगवरचं व्होल्टेजही मिळालं तर उत्तमच. हे काम डायनोवर (गाडी जागेवर ठेवून ताकद मोजणारं यंत्र) करा. कसारा घाट ही टेस्टिंगची जागा नाही, आणि समृद्धीवर भरवीरला चढून १२० च्या मर्यादेत चौथ्या गिअरचा पूर्ण पुल (फुल थ्रॉटलची धाव) होणारही नाही.

लॉग असा वाचायचा. रेल प्रेशर रेडलाइनपर्यंत ३.५ वर सरळ रेषेत उभं आणि ड्युटी ९० च्या पुढे, तर पंप निर्दोष, इंजेक्टर बदला. प्रेशर ४,५०० पासून उतरत ३ बारच्या खाली जातंय, तर पंप, फिल्टर किंवा वायरिंग. या तिघांत चोर कोण, हे पंपाच्या प्लगवरचं व्होल्टेज सांगतं. फुल लोडला तिथे १३ च्या वर असेल तर वायरिंग निर्दोष. ११.८ किंवा १२ दिसलं तर पंपाला हात लावण्याआधी वायर बदला. बरेच ‘कमजोर’ पंप तिथेच बरे होतात. आणि प्रेशर सुरुवातीला ठीक राहून पाच-सात सेकंदांनी घसरत असेल तर टाकीतली जाळी किंवा फिल्टर चोक आहे. जुन्या गाड्यांना ई२० सुरू झाल्यावर हे होऊ शकतं, कारण इथेनॉल टाकीच्या तळाचा जुना थर सोडवतं आणि तो जाळीवर येऊन बसतो.

लॉगने पंपच दोषी ठरवला असं धरू. आता किती मोठा?

वरचा आकडा ७६ लिटर तास. ई२० मध्ये इथेनॉल असल्याने त्याच हवेला जास्त पेट्रोल लागतं. शुद्ध पेट्रोलला हवा आणि इंधनाचं प्रमाण १४.७ ला एक असतं, ई२० चं साधारण १३.५ ला एक, आणि घनफळात ही वाढ ७-८ टक्के पडते. झाले ८१-८२ लिटर. वर २०-२५ टक्के राखीव, कारण पंप जुना होतो, उन्हाळ्यात पेट्रोल तापतं, जाळी थोडी भरते. म्हणजे १०० लिटर तास. ही तुमची खरी गरज. डायनोचा आकडा चाकांवरचा असेल तर तो आधी क्रँकवर आणा. फ्रंट व्हील ड्राइव्हला १५ टक्के तोटा धरला तर चाकांवरचे २१० म्हणजे क्रँकला २४५ च्या आसपास, आणि मग गरज ११५-१२० लिटरवर जाते.

(ओघात एक. ई२० वर वाइडबँड ‘१२.०’ दाखवतो तेव्हा तो पेट्रोलच्या पट्टीवरचा आकडा असतो. मीटर लॅम्डावर ठेवा, इंधन कुठलंही असलं तरी ०.८० म्हणजे ०.८०.)

१०० लिटरला ४५० लिटरचा पंप कशाला, हा प्रश्न इथे आपोआप पडायला हवा. उद्या ३०० एचपीचा बेत झाला तरी याच हिशेबाने गरज १४५ लिटरच्या घरात जाते.

पण पंपाच्या नावातला २५५ हा आकडा कोणत्या प्रेशरला आणि कोणत्या व्होल्टेजला, हे बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. बहुतेक कंपन्या ४० ते ४३ पीएसआयला, म्हणजे ३ बारच्या आसपास, आणि १३.५ व्होल्टला रेटिंग देतात. प्रेशर वाढलं की प्रवाह उतरतो. वॉलब्रो २५५ चं हाय प्रेशर मॉडेल, जीएसएस३४२, ३ बारला २५५ देतं पण ४.७ बारला साधारण दोनशेच्या आसपास येतं. तुमच्यासाठी तेही दुप्पट आहे. पंप घेताना दुकानदाराकडून किंवा कंपनीच्या साइटवरून प्रवाहाचा आलेख मागा, आपलं सर्वांत जास्त रेल प्रेशर आडव्या अक्षावर शोधा आणि तिथला प्रवाह वाचा. आलेख १२ व्होल्टचा आहे की १३.५ चा, हे कोपऱ्यात लिहिलेलं असतं. एका व्होल्टमागे प्रवाहात सहज १० टक्के किंवा त्याहून जास्त फरक पडतो, आणि प्रेशर जास्त असेल तर तो वाढतो. दोन पंपांची तुलना दोन वेगळ्या व्होल्टेजच्या आलेखांवर करणारे पुष्कळ भेटतात. ज्या पंपाला आलेखच नाही, तो घेऊ नका.

तुमचं सर्वांत जास्त रेल प्रेशर किती, हे तुम्ही कोणती व्यवस्था ठेवता त्यावर ठरतं. रस्ते दोन आहेत. मूळ रिटर्नलेस व्यवस्था तशीच ठेवली आणि इंजेक्टर मोठे घातले, तर पंपाला ३.५ बारच राखायचा आहे. दुसऱ्या रस्त्यात इंजिनकडे बूस्ट रेफरन्सचा अॅडजस्टेबल रेग्युलेटर आणि टाकीपर्यंत रिटर्न लाइन टाकता. मग बूस्टसोबत रेल प्रेशर एकास एक चढतं, ३.५ अधिक १.२ म्हणजे ४.७ बार, आणि इंजेक्टरवरचा फरक कायम ३.५ राहतो. ऐकायला दुसरा रस्ता जास्त शास्त्रशुद्ध वाटतो. पण रेग्युलेटर लावून गाडी तशीच चालवायची नसते. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, ०.६ बार व्हॅक्यूम असतो. जुन्या व्यवस्थेत तिथे इंजेक्टरवर ४.१ बारचा फरक होता, नव्यात ३.५ झाला, म्हणजे आयडलला ८ टक्के पेट्रोल कमी. वर १.२ बार बूस्टला फरक २.३ वरून ३.५ झाला, म्हणजे २३ टक्के जास्त. खाली लीन, वर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. ईसीयूमधला इंजेक्टरचा हिशेब नव्याने मांडल्याशिवाय गाडी नीट चालणार नाही. २१० एचपीसाठी माझं मत पहिल्या रस्त्याचं आहे: मूळ व्यवस्था, मोठे इंजेक्टर, २५५ चा पंप, बस. २५० च्या पुढे जायचं असेल किंवा बूस्ट दीड बारच्या वर नेणार असाल तर रिटर्न लाइनचा खर्च करा.

४५० चं खरं नुकसान आता सांगतो, कारण ‘जास्त आहे तर बिघडलं कुठे’ हा प्रश्न येणारच. आयडलला इंजिन तासाला लिटर-दीड लिटर पितं. बाकीचं सगळं फिरून टाकीत. ४५ लिटरची भरलेली टाकी हा पंप सहा मिनिटांत एकदा फिरवतो, आणि पाव टाकी असेल तर दीड मिनिटात. पंप १३ अँपिअर घेतो म्हणजे १७५ वॅट, आणि ते अखेर उष्णता होऊन पेट्रोलमध्येच जातात. टाकीत दहा लिटर असतील आणि उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर तासाला ३५-४० अंशांची वाढ. प्रत्यक्षात टाकीची भिंत बरीच उष्णता सोडते, त्यामुळे एवढी होत नाही. पण मे महिन्यात दुपारी द्वारका सर्कलला अर्धा तास अडकलेल्या गाडीत दहा-पंधरा अंशसुद्धा पुरेसे आहेत. पेट्रोलचे हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. पंपाच्या तोंडाशी वाफ झाली की तो फेस ओढतो, रडल्यासारखा आवाज करतो, प्रेशर हलतं, आणि पंपाला आतून गारवा देणारं पेट्रोलच नसल्यामुळे त्याचं आयुष्य कमी होतं.

दुसरं नुकसान रेग्युलेटरचं. टाकीतल्या मॉड्यूलवरचा छोटा रेग्युलेटर मूळ पंपाच्या प्रवाहाला बेतलेला असतो. त्याच्या भोकातून तासाला चारशे लिटर परत जाऊ शकत नाहीत, म्हणून प्रेशर वर चढतं: ३.५ च्या जागी ४.५, कधी ५. आयडलला गाडी रिच चालते, प्लग काळे पडतात, ट्रिम (ईसीयू आपणहून करतो ती पेट्रोलची दुरुस्ती) उणे १५-२० टक्क्यांवर जातात आणि लोक इंजेक्टर गळतोय म्हणून ते काढून साफ करत बसतात. २५५ नेही थोडं असं होऊ शकतं. पंप बसवल्यावर इंजिन आयडलला ठेवून रेल प्रेशर बघा. ०.२ बारपर्यंतची वाढ चालते, ती ईसीयूच्या मॅपमध्ये धरता येते. त्याहून जास्त असेल तर रेग्युलेटर मोठा करा.

कोणते पंप बघावेत? वॉलब्रोचा फ्युएल पंपांचा धंदा आता टीआय ऑटोमोटिव्हकडे आहे, त्यामुळे खोक्यावर टीआय लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. २५५ जेरोटर प्रकारचा आहे, म्हणजे आत दातेरी चाकं एकमेकांत फिरतात. प्रेशरला चांगला, पण मागच्या सीटखालून बारीक शीळ ऐकू येते आणि कचरा त्याला सोसत नाही. डॉइचवर्क्सचे डीडब्ल्यू२०० आणि डीडब्ल्यू३००, एईएमचा ३४० हे पंख्यासारख्या टर्बाइनचे, त्यामुळे शांत. कोरडं चालणं मात्र दोघांनाही सोसत नाही, म्हणून टाकी तळाला नेण्याची सवय सोडा. रोज चालवायच्या गाडीत आवाज नको असेल तर डीडब्ल्यू२०० च्या वर्गातला घ्या. ३४० सुद्धा तुमच्यासाठी गरजेपेक्षा मोठा आहे, पण रेग्युलेटर सोसणार असेल तर अगदीच चूक म्हणता येणार नाही. बॉशचा ०४४ टाकीबाहेर लावायचा पंप. त्याला टाकीतून पेट्रोल ओढता येत नाही, ते त्याच्या तोंडापर्यंत आणून द्यावं लागतं. म्हणजे टाकीत एक पंप, मध्ये सर्ज टँक (पेट्रोल भरून ठेवणारी छोटी टाकी), मग ०४४. रस्त्यावरच्या लिनियात त्याचं काम नाही. (सातपूरला बॉशचा कारखाना आहे म्हणून इथे ०४४ सहज मिळेल असं कोणाला वाटत असेल तर तिथे डिझेलचे नोझल-इंजेक्टर होतात.)

इथेनॉलसाठी पंपावर स्पष्ट मान्यता बघा. ई८५ ला (८५ टक्के इथेनॉल) चालतो असं कंपनीने लिहिलं असेल तर ई२० ची चिंता नाही. अशा पंपात कॉम्युटेटर (मोटरला वीज पोचवणारा फिरता भाग) कार्बनचा असतो. तांब्याचा असेल तर इथेनॉल आणि त्याने ओढलेलं पाणी त्याला हळूहळू खातं. इगतपुरीच्या बाजूला पावसाळ्यात गाडी महिनाभर पाव टाकीवर उभी ठेवू नका, रिकाम्या जागेतला ओलावा इथेनॉल पिऊन घेतं.

आता वायरिंग. पंपाइतकंच महत्त्वाचं काम हे आहे आणि सगळ्यांत जास्त टाळाटाळही इथेच होते.

मूळ पंप ४-५ अँपिअर घेतो, म्हणून कंपनी त्याला एक चौरस मिलिमीटरच्या आसपासची वायर देते. २५५ साधारण ८ ते १० अँपिअर घेतो, ३४० दहा-अकरा, ४५० तेरापासून सोळा-सतरापर्यंत. एक चौरस मिमीच्या साडेचार मीटर तांब्याच्या वायरीचा रोध ०.०८ ओहम. दहा अँपिअरला ०.८ व्होल्ट वायरीतच गेले. वर रिले, फ्यूज, दोन-तीन कनेक्टर आणि अर्थिंग मिळून आणखी अर्धा. अल्टरनेटर १४ देत असला तरी पंपाला मिळतात १२.७, आणि तेही सगळं नवं असेल तर. चार चौरस मिमीची वायर टाकली तर तोच तोटा ०.२ व्होल्टवर येतो.

करायचं असं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून चार चौरस मिमीची वायर, बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत २० अँपिअरचा फ्यूज, तिथून मागच्या सीटजवळ ३० किंवा ४० अँपिअरचा रिले, रिलेतून पंप. रिलेचं ट्रिगर पंपाच्या मूळ वायरीवरून घ्या, इग्निशनवरून नाही. त्याचं कारण साधं आहे: मूळ वायर ईसीयूच्या ताब्यात असते, इंजिन बंद पडलं की पंप बंद होतो. शिवाय फियाटमध्ये धडकेनंतर पेट्रोल तोडणारा इनर्शिया स्विच असतो. इग्निशनवरून ट्रिगर घेतला की हे दोन्ही बाजूला पडतं आणि उलटलेल्या गाडीत पंप पेट्रोल फेकत राहतो. अर्थिंगही तितक्याच जाडीची, जवळच्या बॉडीवर रंग खरवडून, रिंग टर्मिनल क्रिंप करून, वर ग्रीस. बंपरच्या किंवा सीटच्या बोल्टवर अर्थ घेऊ नका, ते गंजतात.

एक जागा राहते: टाकीच्या झाकणातून आत जाणारा कनेक्टर. त्याच्या बारीक पिना दहा अँपिअर कसेबसे सोसतात, ४५० चे सोळा सोसत नाहीत. प्लास्टिक मऊ होतं, पिन हलते, ठिणगी पडते. प्लग तपकिरी झालेला दिसला की समजा. २५५ ला चांगल्या अवस्थेतला मूळ कनेक्टर चालतो. त्याच्या वर गेलात तर झाकणातून जाणारे वेगळे बल्कहेड स्टड घ्या. अंबड एमआयडीसीत अॅल्युमिनियमचं झाकण टर्निंग करून देणारे वर्कशॉप आहेत. त्यांना ओ-रिंग वायटॉनची लागेल हे आधी सांगा, साधी नायट्राइल इथेनॉलमध्ये फुगते.

बसवताना: टाकी पाव भागाच्या खाली, गाडी उघड्यावर, बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं, जवळ आग विझवणाऱ्या डीसीपी पावडरचा सिलिंडर. त्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपसूक बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. झाकणाची रिंग हातोडी आणि स्क्रू-ड्रायव्हरने ठोकायची पद्धत सोडा. रिंगचा पाना वापरा, नाहीतर पितळेचा किंवा लाकडी ठोकळा. मॉड्यूल बाहेर काढताना तिरकं करून फ्लोट आधी सोडवा, तो वाकला की पेट्रोलचा काटा आयुष्यभर खोटं बोलतो.

टाकीच्या आतल्या रबरी पाइपबद्दल लक्ष द्या, कारण पंप बदलल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी ‘पंप गेला’ म्हणून परत येणाऱ्या गाड्यांत बहुतेकदा हाच गेलेला असतो. बाहेर वापरायचा चांगला फ्युएल इंजेक्शन होज, एसएई जे३०आर९, हा आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून नाही. टाकीत तो दोन्ही बाजूंनी भिजतो, फुगतो, चिरतो, आणि पंप आपलं पेट्रोल टाकीतच सोडायला लागतो. टाकीत बुडणाऱ्या जागी एसएई जे३०आर१० लिहिलेलाच पाइप हवा. तो महाग आहे आणि लागतो जेमतेम वीतभर, तेव्हा कंजुषी नको. क्लिपा पूर्ण गोल दाबणाऱ्या इंजेक्शन प्रकारच्या. दात्यांची फिरवायची साधी क्लिप पाइप कापते.

नवीन पंप मूळ पंपाहून लांब-जाड असू शकतो. जाळी टाकीच्या तळाला टेकली पाहिजे, पण दबून बंद होता कामा नये. मॉड्यूलची स्प्रिंग दाबून झाकणापासून जाळीपर्यंतची उंची जुन्या पंपावर आधी मोजून ठेवा आणि नव्यावर तेवढीच राखा. जाळी नवी घ्या. नव्या पंपाला जुनी जाळी म्हणजे नव्या बुटात भिजलेले मोजे. आत मूळ फिल्टर बदलता येत असेल तर तोही याच वेळी.

पाव टाकीवर वळणात मिश्रण हलतं का, हेही बघा. लांब वळणावर पेट्रोल बाजूला जातं आणि मोठा पंप मॉड्यूलची वाटी मूळ पंपापेक्षा लवकर रिकामी करतो. घाटात फक्त अशा वळणांतच प्रेशर पडत असेल तर उपाय पंप नाही, टाकी अर्ध्याच्या वर ठेवणं हा आहे. ट्रॅकवर किंवा रॅलीत जाणार असाल तर दीड-दोन लिटरचा सर्ज टँक.

नकली मालाविषयी. वॉलब्रो २५५ आणि बॉश ०४४ यांच्या नकला जगभर विकल्या जातात, आणि खोकं, स्टिकर, होलोग्राम सगळं सारखं असतं. वजन हाताला हलकं लागणं, बॉडीवर कोरलेल्याऐवजी छापलेला नंबर, टर्मिनलजवळची ओबडधोबड मोल्डिंग, अर्ध्यावर आलेली किंमत ही लक्षणं आहेत, पण खात्रीची एकही नाही. अधिकृत विक्रेत्याचं बिल घ्या आणि पंप मोजून बघा.

मोजणी अवघड नाही. इंजिनकडे रेग्युलेटर आणि रिटर्न लाइन असेल तर इंजिन बंद ठेवून रिटर्नची नळी मापाच्या कॅनमध्ये सोडा. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीवर सायकलचा हातपंप लावून आपल्या बूस्टएवढी हवा भरा, म्हणजे १.२ बार, की रेल प्रेशर ४.७ होतं. बॅटरीला चार्जर लावून पंपावरचं व्होल्टेज १३.५ च्या जवळ आणा, रिले जोडून पंप ३० सेकंद चालवा, जमलेलं पेट्रोल मोजा आणि १२० ने गुणा. १०० लिटर तासाची गरज म्हणजे ३० सेकंदांत ८३० मिली. खरा २५५ या प्रेशरला दीड लिटरच्या वर द्यायला हवा. एक लिटरच्या आत राहिला तर व्होल्टेज तपासा, ते ठीक असेल तर पंप परत करा. रिटर्नलेस गाडीत हाच प्रयोग रेलची नळी सोडवून होतो, पण मध्ये बारीक वाल्व्ह लावून प्रेशर ३.५ च्या जरा खाली, ३.३-३.४ ला धरावं लागतं. ३.५ ला पोचलं की टाकीतला रेग्युलेटरच पेट्रोल परत सोडायला लागतो आणि चांगला पंपही कॅनमध्ये कमी भरतो. हे सगळं उघड्या जागी, मोबाइल-सिगारेट लांब, आणि चार्जर पंप सुरू करण्याआधीच चालू केलेला. क्लिप लावता-काढताना ठिणगी पडते.

हे वाचून कोणी पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस किंवा ऑक्टाव्हियावर हाच हिशेब लावायला जाईल, म्हणून एवढं. त्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्या आहेत. टाकीतला पंप तिथे फक्त इंजिनवरच्या हाय प्रेशर पंपाला पेट्रोल पुरवतो. साध्या रीमॅपला दोन्ही मूळ पंप बहुधा पुरतात, आणि पुढे गेलात तर आधी कमी पडतो तो हाय प्रेशर पंप. पी००८७ (रेल प्रेशर कमी असल्याचा) कोड आला की लॉगमध्ये लो प्रेशरची मागणी आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी ठेवा. लो प्रेशर टिकून असेल तर टाकीत हात घालू नका. फोक्सवॅगन-स्कोडात टाकीतला पंप कंट्रोल मॉड्यूलमार्फत कमी-जास्त वेगाने चालतो. त्याला जास्त अँपिअरचा पंप जोडला तर ते मॉड्यूल जळू शकतं.

गाडी वॉरंटीत असेल तर ती गेली समजा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि विमा कंपनीला न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी नडतो. पंपापेक्षा टर्बोच्या बाबतीत हे जास्त लागू आहे, तेव्हा ट्रॅकची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांतला निर्णय आधीच घ्या.

सगळं बसल्यावर पहिल्या टाकीनंतर सीट उचलून झाकणाभोवती बोट फिरवा. ओलं लागलं किंवा वास आला तर ओ-रिंग पिळलेली आहे, ती नवीन लावा, रिंग अजून आवळू नका. टाकी पूर्ण भरल्यावरच हे दिसतं, अर्ध्या टाकीवर नाही. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एक डायनो लॉग घ्या आणि पहिल्या दिवसाच्या रेल प्रेशरच्या रेषेवर ठेवा. रेष तशीच असेल तर फ्यूज, रिले आणि प्लग हाताने चाचपा. पुल संपल्याबरोबर यातलं काही चटका देण्याइतकं गरम लागलं, तर तिथलं क्रिंप नव्याने करा.